बैलांना लावलेला भंडारा

आमच्या वाडीत कुणाच्या चुलीवर काय शिजलंय हे लपत नसे, तिथं मत काय लपणार! सोनाकाकूंचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच कूड, शेणानं लिंपलेली काठ्यांची भिंत, तीही वरून उघडी. त्यांच्याकडे मिरच्यांचा ठेचा झाला की ठसका आम्हाला लागायचा. तात्या, म्हणजे माझे वडील, खोकले की पलीकडून आवाज यायचा, "सरू, भावजींना काढा दिलास का न्हाई?" आणि माझी आई चुलीपुढून न उठता सांगायची, "दिला वो, कवाच दिला." भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी आमची ही वाडी. सकाळी पाण्यापलीकडून एसटीचा भोंगा ऐकू यायचा, पण त्या एसटीपाशी पोचायला उतार उतरून दोन-अडीच तास मोडायचे. आता मी भोरला लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते. समोरच्या बाईचं आडनाव मला दारावरची पाटी वाचल्याशिवाय आठवत नाही. लोक म्हणतात, गावाकडं माया असते बाई. असते की. तिच्याबरोबर आणखीही काय काय असतं, ते लोकांना कुडाच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

वाडीला रस्ता नव्हता, आणि सगळं त्यावर अडलेलं होतं. माणूस आजारी पडलं की डोली बांधायची. बांबूला घोंगडी अडकवायची, त्यात माणूस निजवायचं आणि खाली न्यायचं. डोलीला खांदे लागतात आणि ते शेजाऱ्यांचेच असतात, भोरहून कुणी येत नाही खांदा द्यायला. सोनाकाकूंची थोरली लेक, माझ्याहून थोडी मोठी, पहिल्या बाळंतपणाला आली होती, ती अशीच डोलीत, उतारावरच गेली. पुढच्या खांद्याला तात्या होते. त्यांनी डोली खाली ठेवली नाही, तशीच परत वर आणली. तेव्हापासून सोनाकाकू रस्ता हा शब्द निघाला की हातातलं काम थांबवायच्या. म्हणून वाडीतली माणसं मत एकत्र द्यायची तर त्यांना अडाणी म्हणू नका, मला राग येतो. एकेकट्याच्या मताला कोण विचारतंय? सगळी वाडी मिळून गेली तर पुढारी निदान डोंगर चढून वर यायचा, चहा प्यायचा आणि रस्त्याचं बोलायचा. आमच्याकडे द्यायला तेवढंच होतं.

त्या साली जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. भोरचे एक पुढारी उभे होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊंचं चिन्ह बैलगाडी. समोरचा उमेदवार होता कामथडीकडचा, आणि कामथडी हे माझ्या आईचं माहेर. ही गोष्ट तोवर कुणाच्या ध्यानातही नव्हती. आमच्याकडं मत ठरलं की खंडोबाच्या ठाण्यापुढं बेलभंडारा उचलायची रीत. ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा, एकेकानं पुढं यायचं, बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलायचा आणि म्हणायचं, "वाडीचं ते माझं." मग तो शब्द देवाचा झाला. ते ताट धरायचा मान आमच्या घराचा. आजोबा धरायचे, त्यांच्यामागं तात्या. तात्यांना वाडीत दुसरा कसलाच मान नव्हता, जमीनही बेताचीच. पण ताट धरायचं म्हटलं की ते आदल्या दिवसापासून वेगळेच व्हायचे. आईकडून धोतर दोनदा धुवून घ्यायचे आणि आमच्यावर उगाच डाफरायचे. त्या दिवशी आईनंही सगळ्यांबरोबर भंडारा उचलला. डोक्यावरचा पदर दातात धरून, हळूच. तात्यांनी ताट तिच्यापुढं धरलं तेव्हा दोघं जराशी हसली. नवराबायकोनं देवापुढं तसं समोरासमोर उभं राहायचं म्हणजे लाजच होती ती, पण ती गोड लाज.

मतदानाला खालच्या शाळेत जायचं होतं. आमच्या वाडीची पेटी वेगळी असायची. आमची फौज उतार उतरून गेली, मी मत द्यायच्या वयाची नव्हते तरी भेळ मिळते म्हणून मागं लागून गेले. तेव्हा मशीन नव्हतं, कागद असायचा, त्यावर चिन्हं छापलेली आणि रबरी शिक्का मारायचा. येताना आम्ही तिघं जरा मागं राहिलो. तात्या खुशीत होते. इकडं तिकडं बघून आईला म्हणाले, "सरू, येक गंमत सांगू? कागदावर बैलं काय झ्याक काढल्याली! म्या कनवटीचा भंडारा काढला आन लावला त्यांच्या कपाळाला. मग शिक्का मारला." आई हसत सुटली. "अवो, बेंदूर हाय का काय आज? तुमी बी ना!" तात्या म्हणाले, "बैलं दिसली, हात ऱ्हाईना. देवाचं नाव घिऊन दिल्यालं मत हाय, वाया न्हाई जायाचं." बेंदराला आमच्या बैलांच्या शिंगांना हळद चोळणारा हात होता तो. नव्या नांगराला, पेरायच्या बियाण्याला, पहिल्या भाताच्या पोत्याला भंडारा लावल्याशिवाय त्यांनी जन्मात कशाला हात घातला नव्हता. कागदाला लावू नये हे त्यांना कोण सांगणार? आईलाही ते ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

भाऊ निवडून आले, दणक्यात आले. हार घ्यायला ते वाडीवर चढून आले तेव्हा ठाण्यापुढं घोंगड्या अंथरल्या, बायांनी ओवाळलं, दुधाचा चहा झाला. भाऊ चांगल्या मूडमध्ये होते. बशीत चहा ओतता ओतता वाडीचा कारभार बघणाऱ्या तुकाआबांना म्हणाले, "आबा, वाडी म्हंजे वाडी हाय बरं का. सगळी मतं आली. फकस्त येक तेवढं कुठं सांडलं रं?" आणि हसले. बस्स, एवढंच. त्यांनी ते गंमतीनं म्हटलं होतं, उतार उतरेपर्यंत विसरूनही गेले असतील. पण तुकाआबांच्या हातातली बशी तशीच राहिली. घोंगडीवरची सगळी माणसं खाली बघायला लागली. ते एक मत समोरच्याला गेलं की बाद झालं, हे कुणी विचारलंच नाही. आज इतकी वर्षं झाली, मला त्याचीच लाज वाटते. विचारायला काय लागत होतं? पण शब्द देवापुढं दिलेला होता, तो कुणीतरी मोडला, एवढंच सगळ्यांना ऐकू आलं. त्यात माझे तात्याही आले. ते रागानं लाल झाले होते, म्हणाले, "कोन असंल त्येला खंडोबा बघून घील."

भाऊ गेल्यावर कुणीतरी म्हणालं, कामथडीची पोर कुणाच्या घरात हाय? कुणी म्हटलं ते मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कुडापलीकडून हाक आली नाही. आई दोनदा म्हणाली, "काकू, पाण्याला येता?" पलीकडं भांडी वाजत होती, उत्तर नाही. आई हंडा घेऊन एकटी गेली. झऱ्यावर बाया होत्या, त्या हंडे अर्धे भरून उठल्या. मी आईच्या मागंच होते. आई मला म्हणाली, "घाई आसंल त्यास्नी." तिला कळत नव्हतं असं नाही. घरी आल्यावर तिनं ताकद लावून भाकऱ्या थापल्या आणि त्या दिवशी सगळ्या भाकऱ्या चिरल्या.

मग लावणी आली. भाताची लावणी आमच्याकडं सावडीनं व्हायची. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, ज्याचं खाचर असेल त्यानं जेवण घालायचं. पैशाचा व्यवहार नाही, माणसाच्या बदल्यात माणूस. घरच्या दोन माणसांनी लावणी होत नाही, रोप म्हातारं होतं. तात्या आणि आई सगळ्यांच्या खाचरात राबून आले. त्यांना कुणी येऊ नका म्हटलं नाही, फक्त आई ज्या ओळीत वाकली त्या ओळीत शेजारी कुणी वाकलं नाही. आणि आमची पाळी आली त्या दिवशी कुणीच आलं नाही. आईनं हुलग्याचं मोठं पातेलं चढवलं होतं, सुकट भाजून ठेवलं होतं, तांदूळ धुवून ठेवला होता. तात्यांनी मला बोलवायला पाठवलं. दारोदार गेले मी. "पोटात दुकतंय." "जनावर सुटलंय." सोनाकाकूंनी तर दार पुढं ओढून घेतलं. फटीतून म्हणाल्या, "तुज्या आयला जाऊन ईचार, माझी लेक डोलीत मेली ती कशापायी." मी परत आले ते रडतच. तात्या चिखलात उभे होते, चिखलणी झालेली, रोपाच्या पेंड्या बांधावर. त्यांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं नाही. म्हणाले, "सरू, खरं सांग. कामथडीला दिलंस का?" आईनं बांधावरची पेंडी उचलली. मग म्हणाली, "तुमच्याच हातच्या ताटातनं भंडारा उचललाय म्या." आणि वाकून एकटीच रोप लावायला लागली. तेवढा तुकडा संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी लावला. बाकीचं खाचर तसंच राहिलं.

तुकाआबांचा निरोप आला, बाजार झाला की दुसऱ्या दिवशी ठाण्यापुढं बसायचं, सरूनं पुन्हा भंडारा उचलावा आणि सांगावं. मधल्या बाजाराला तात्या भोरला गेले, मीठ आणायचं म्हणून मलाही नेलं. चौकातल्या हॉटेलापुढं उत्रोलीचा एक माणूस बाकड्यावर बसला होता. कचेरीत शिपाई होता तो, मतमोजणीत कागद लावायच्या कामाला होता. भोवती माणसं जमलेली, आणि तो रंगात येऊन सांगत होता, "आरं, काय काय येडी असत्यात! येकानं कागदावरल्या बैलांस्नी हळद लावली. हळद! आखा कागुद पिवळा. सायेब म्हनला, ह्यो बाद. मी म्हनलं सायेब, त्येला वाटलं आसंल बेंदूर हाय. वरल्या वाडीची पेटी व्हती, तिथली मानसं आजून देवाच्याच राज्यात ऱ्हात्यात." सगळे खो खो हसले. मी तात्यांकडं बघितलं. तात्या हसत होते. सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखे, मान मागं टाकून. त्यांच्या डोळ्यांत मात्र हसू नव्हतं, ते इकडून तिकडं फिरत होते, वाडीतलं कुणी आहे का बघायला. कुणी नव्हतं. मग त्यांनी माझा हात धरला, इतका घट्ट की दुखला, आणि आम्ही मीठ न घेताच एसटी स्टँडवर आलो. एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते, आणि उतार चढतानाही एक शब्द बोलले नाहीत. मला वाटत होतं, घरी गेल्यावर सांगतील. लेकरांना बापाबद्दल असंच वाटतं.

घरी आईनं विचारलं, "बाजारात काय इशेस?" तात्या म्हणाले, "काय न्हाई." आणि पाय धुवायला गेले. मी वाट बघितली. जेवताना वाट बघितली. सकाळी आई झऱ्यावर धोतर धुवायला निघाली तेव्हा मी तिच्यामागं गेले आणि सगळं सांगून टाकलं. आई धोतर आपटत होती, ती आपटतच राहिली. कनवटीजवळ हळदीचा डाग होता, साबण लागला की तो लाल व्हायचा, कितीही धुतलं तरी जायचा नाही. ती म्हणाली, "त्ये बी हसले?" मी म्हटलं, "व्हय." तेव्हा कुठं तिचा हात थांबला. मग डाग पाण्यात धरून चोळत म्हणाली, "कुनाला बोलू नगंस. ताट त्येंच्या हातात असतंय. मी काय, मी कामथडीचीच हाय वाडीच्या लेखी." मी म्हटलं, आई, तू भंडारा उचल, तू काही खोटं बोलत नाहीस, देव बघतोय. ती म्हणाली, "उचलंन की. मंग ताट फुडल्या घरी जाईल. मंग त्येच्या फुडल्या. शेवटाला शपत घ्याया कुनाच्या फुडं येनार हाय त्ये?"

ठाण्यापुढं सगळी वाडी बसली होती. ताट तात्यांच्याच हातात, मान त्यांचा ना! तुकाआबा वाईट माणूस नव्हता. मऊपणानंच म्हणाला, "सरू, उचल बाई. येकदा उचललास की इषय मिटला." आई पुढं झाली. तात्यांनी ताट तिच्यापुढं धरलं. आईनं त्यांच्याकडं बघितलं आणि बघतच राहिली. मी खांबाला धरून मनात म्हणत होते, बोला, तात्या, बोला, आता तरी बोला. तात्या ताटाकडं बघत होते. ताट एका बाजूला कललं होतं आणि भंडारा काठावरून सांडून त्यांच्या पायावर पडत होता. आईनं हात मागं घेतला. म्हणाली, "आबा, भंडारा नगं. माज्याच हातनं चुकलं. वाचाया येत न्हाई, कागुद उलटा धरला, शिक्का भलतीकडंच बसला. लाजंपायी बोलले न्हाई."

मग सोनाकाकू उठल्या, आईचा दंड धरला आणि म्हणाल्या, "आगं बया, मंग आदी का न्हाई सांगितलंस! येवढ्यासाठनं म्हैनाभर जीव खाल्लास व्हय आमचा!" आणि लोक हसले. खरंच हसले, सुटल्यासारखे. नारळ फोडायचा आणि देवापुढं नाक घासायचं ठरलं. आईनं उंबऱ्यावर नाक घासलं. उठली तेव्हा नाकाला माती आणि भंडारा दोन्ही लागलं होतं, आणि तात्या अजून ताट धरून उभे होते. त्यांनी ते खाली ठेवलंच नाही. कुणाची लाज वाटावी तेच मला कळेना. तात्यांची वाटली, वाडीची वाटली, आणि आई इतक्या सहज खोटं बोलली म्हणून, खरं सांगते, तिचीही वाटली. कुणी मला चापट मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी आमच्या खाचरात उतरली. बाया गाणी म्हणत होत्या, सोनाकाकू आईला खेटून वाकल्या होत्या आणि तिची चेष्टा करत होत्या, "सरे, रोप तरी सुलटं लाव गं, का त्ये बी उलटं?" दुपारच्या आत खाचर हिरवं झालं. जेवायला पंगत बसली. पहिला घास घेतला आणि कुणीतरी म्हणालं, "कालवनात मीठ न्हाई." मीठ आम्ही आणलंच नव्हतं. तात्या शेवटाला बसले होते, मान खाली. ते म्हणाले, "चांगलं झालंय." आणि अळणी कालवण तीन वेळा मागून घेतलं. याविषयी त्यांनी एवढंच बोलून दाखवलं. गेले तेव्हाही बोलले नाहीत. ताट मात्र त्यांनी पुढं कधी धरलं नाही, हात कापतात म्हणायचे. लोकांना वाटलं, वय झालं.

रस्ता झाला, पण खूप वर्षांनी आणि दुसऱ्याच माणसानं केला. परवाच्या निवडणुकीला मी भोरला सकाळी मत देऊन त्याच रस्त्यानं आईला भेटायला गेले. ती अजून वाडीतच असते, त्या सालानंतर झालेल्या माझ्या धाकट्या भावाकडं. वाकली आहे पार, पण कान तिखट आहेत. उमेदवाराच्या टेम्पोतून तिला शाळेपाशी उतरवलं, तर दाराजवळ सोनाकाकूंची नातसून मोबाईल घेऊन उभी. काकू जाऊन किती काळ झाला, ही पोर वाडीत नवीन आली आहे. तरी तिनं मोबाईलवरचं चित्र आईच्या डोळ्यांपुढं धरलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आजी, ह्यो बगा, ह्येच बटन दाबायचं. मागल्यासारकं चुकू नगा बरं का." भोवतीची माणसं हसली. म्हणजे तिलाही सांगून झालं होतं. दर निवडणुकीला हे असंच चालत आलं आहे. आधी काकू दाखवायच्या, मग त्यांची सून, आता ही. पहिली कितीतरी वर्षं तात्या शेजारी उभे असायचे. माझं तोंड तापलं. मी म्हटलं, "अगं पोरी, ती चुकली नव्हती..." आईनं माझा हात दाबला. पोरीला म्हणाली, "व्हय बाई, म्हातारीचं ध्यान कुठं ऱ्हातंय," आणि काठी टेकत आत गेली.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. मी चिडलेच होते. म्हटलं, "किती ऐकून घेणार आहेस? तात्याही नाहीत आता. कुणासाठी?" ती बोटाची शाई वाळते का बघत होती. म्हणाली, "आगं, आजून ठाण्यापुढं समद्यांकडनं भंडारा उचलून घेत्यात. माज्याकडनं न्हाई घेत. चुकनाऱ्या बाईला शपत कशाला? मतं मोजली आन येकादं कमी भरलं, तर म्हनत्यात, सरूआजी चुकली आसंल." मग माझ्याकडं बघून बारीक हसली. "तवापासनं मी माज्या मनाला यील त्येच दाबते. वाडीत मी येकटीच आसंन तशी." मी विचारलं, "आज कुणाला दिलंस?" तर म्हणाली, "तुला कशाला सांगू? तू कुनाला दिलंस?"

माझ्याही बोटाला सकाळची शाई होती. सोसायटीच्या ग्रुपवर समोरच्या बाईनं, त्याच पाटीवाल्या, आपण सगळ्यांनी काय दाबायचं ते टाकलं होतं, आणि खाली सगळ्यांनी अंगठे दिले होते. मीही दिला होता, आणि तेच बटण दाबून आले होते. मी हात पदराखाली घेतला. आईनं ते बघितलं, काठी पुढं केली आणि म्हणाली, "ऊठव मला."